निरोप आणि निरोप्या

पानिपतचा निकाल नानासाहेब पेशव्यांना कळला तो एका सावकारी चिठ्ठीतून. जानेवारी १७६१. पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेले, मुक्काम माळव्यात भेलशाच्या बाजूला, म्हणजे आजच्या विदिशाजवळ. औरंगाबादच्या सावकारांकडे निघालेला एक कासीद वाटेत सापडला आणि त्याच्याजवळचे पत्र उघडले गेले. पत्रात लढाईचे नाव नव्हते. मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची तर गणतीच नाही, असा पेढीवरचा वाटावा असा मजकूर. त्यातले दोन मोती कोणते हे पेशव्यांना कुणाला विचारावे लागले नाही. एक पोटचा मुलगा विश्वासराव, दुसरे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ.

शाळेत आपण ही हकिकत शोककथा म्हणून ऐकतो. या पुस्तकाच्या लेखिकेने ती एका वेगळ्याच प्रश्नासाठी पुढे ठेवली आहे. पेशव्यांचे स्वतःचे जासूद होते, हरकारे होते, ठिकठिकाणी बसवलेले वकील होते. मग परक्याच्या नावे निघालेल्या, सांकेतिक भाषेतल्या कागदावर क्षणात विश्वास का बसला? लेखिकेचे उत्तर असे की सावकार बातमी कळवतो ती आपले पैसे अडकलेले असतात म्हणून. खोटी बातमी पाठवली तर बुडणार तोच. दरबारी बातमीदाराला मालकाचा चेहरा बघून लिहायची सवय असते, सावकाराला ती परवडत नाही. हे उत्तर मला पटते. बातमीच्या टेबलावर आयुष्य काढलेल्या माणसाला ते पटणारच, कारण बातमी खरी की खोटी हे ठरवायच्या आधी आमचा पहिला प्रश्न नेहमी ‘कुणी सांगितले?’ हाच असे.

या पुस्तकाचा विषय संज्ञापन, म्हणजे माणसे एकमेकांना कळवतात कशी आणि त्यासाठी कोणकोणती साधने वापरतात. विषय एवढा पसरट आहे की कबुतरापासून उपग्रहापर्यंत काहीही त्यात बसते, आणि पाठ्यपुस्तके बहुधा तसेच सगळे भरून मोकळी होतात. इंदुरात पत्रकारितेच्या वर्गांना वर्षानुवर्षे शिकवलेल्या या बाईंनी ते टाळले आहे. त्यांनी एक माणूस निवडला: पाठवणारा आणि घेणारा यांच्या मध्ये जो उभा असतो तो. वकील, कासीद, तारमास्तर, उपसंपादक, आकाशवाणीचा निवेदक, आणि आता मोबाइलच्या पडद्यामागचा गणिती हिशेब. हा मधला कोण, त्याला कुणी नेमले, त्याच्यावर भरवसा कशाच्या बळावर ठेवायचा, या प्रश्नांचा धागा पुस्तकभर आहे.

असे पुस्तक इंदुरात लिहिले जावे यात नवल नाही. हे शहरच मध्ये आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावर, मराठी दरबार आणि हिंदी-माळवी प्रजा यांच्या मध्ये, आणि १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची गादी आणि इंग्रजांची रेसिडेन्सी यांच्याही मध्ये. त्याआधीचा काळ होळकरांच्या महेश्वरचा. अहल्याबाईंच्या कारकिर्दीत (१७६७ ते १७९५) पुणे दरबारचे वकील महेश्वराहून जी पत्रे धाडत, ती दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ या नावाने छापून काढली. इतिहासाचे अभ्यासक ती राजकारणासाठी वाचतात. माध्यमांच्या विद्यार्थ्याने ती वाचावी ती वकिलाच्या बसण्याच्या जागेसाठी. हा गुप्तहेर नव्हे. तो दरबारात उघड बसतो, सर्वांना ठाऊक असते की हा लिहून कळवणार. म्हणजे त्याच्या देखत जे बोलले जाते त्यातले काही पुण्याला ऐकू जावे म्हणूनच बोललेले असणार. आजची पत्रकार परिषद याहून फार निराळी नाही.

मग तार आली. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली १८५४-५५ मध्ये कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तारेने जोडली गेली, आणि आग्रा-मुंबई तार इंदुरावरून गेली. तोवर निरोप आणि निरोप्या एकाच वेगाने चालत. नदीला पूर येऊन कासीद अडला की बातमीही अडे. तारेने ही गाठ सोडवली. अमेरिकन अभ्यासक जेम्स कॅरी यांनी तारेचे सगळ्यात मोठे कर्तृत्व हेच मानले आहे: दळणवळण आणि कळवणे या तोवर एकत्र असलेल्या गोष्टी वेगळ्या झाल्या. माळव्याच्या अफूचा व्यापार मुंबईमार्गे चीनपर्यंत होता, त्यामुळे इथल्या पेढ्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. भाव आधी कळणे म्हणजे माल आधी विकणे. तारेने मधला माणूसही बदलला. कासिदाला वाट ठाऊक असे, पण बहुधा मजकूर नसे. तारमास्तराला वाटेशी कर्तव्य नसे, मजकुरातला शब्द न् शब्द मात्र त्याच्या हाताखालून जाई आणि तो शब्द मोजून पैसे घेई.

छापखाना माळव्यात मुंबईच्या मागोमाग पोचला. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी. १८४१ मध्ये भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ आले, आणि १८४८ पासून त्यात लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली. त्याच सुमारास इंदुरातून ‘मालवा अखबार’ निघू लागला, तोही द्वैभाषिक, पण हिंदी आणि उर्दूत. एक मराठी संस्थान, आणि त्याचे पहिले वर्तमानपत्र मराठीत नाही. या एका तपशिलावर लेखिका थांबली आहे आणि मलाही थांबावेसे वाटते. राज्यकर्त्यांची भाषा आणि ज्यांना कळवायचे त्यांची भाषा एक नसली की माध्यम कुणाच्या बाजूने झुकते ते इथे दिसते. बाजाराच्या आणि कचेरीच्या.

आता थोडे शास्त्राबद्दल, कारण नव्या वाचकाला नावांचे जंगल भेडसावते.

१९४८ हे या विषयाचे मोठे वर्ष. त्या साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकात क्लॉड शॅनन यांचा संज्ञापनाच्या गणिती सिद्धान्ताचा लेख आला, नॉर्बर्ट वीनर यांचे ‘सायबरनेटिक्स’ आले, आणि हॅरॉल्ड लासवेल यांनी कोण, काय, कुठल्या मार्गाने, कुणाला आणि काय परिणामाने सांगतो, अशी प्रश्नमालिका मांडली. शॅनन यांना निरोपाच्या अर्थाशी देणेघेणे नव्हते, आणि तसे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. त्यांचा प्रश्न एवढाच की गोंगाट असलेल्या वाहिनीतून चिन्हे कमीत कमी चुकीने पलीकडे कशी न्यायची. आपला मोबाइल चालतो तो या उत्तरावर. घोटाळा पुढे झाला. हीच आकृती लोकांनी माणसांच्या बोलण्यावरही ठोकून बसवली, आणि संवाद म्हणजे एका डोक्यातला माल दुसऱ्या डोक्यात उतरवून घेणे, असे पन्नास वर्षे शिकवले गेले.

खरे तर त्या चित्राला तडा आधीच गेला होता. १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एरी परगण्यातल्या मतदारांच्या पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. रेडिओ आणि वर्तमानपत्रे लोकांची मते फिरवतात ही अपेक्षा. आढळले असे की लोक मत बनवतात ते ओळखीच्या, जरा जास्त वाचणाऱ्या माणसाचे ऐकून. पारावर पेपर मोठ्याने वाचून वर दोन शब्द आपले घालणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवीन काही नाही, पण तो मोजून दाखवणे ही मोठीच गोष्ट होती. १९५० मध्ये डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी त्याहून साधा प्रयोग केला. एका छोट्या शहरातल्या दैनिकाच्या तारसंपादकाला त्यांनी आठवडाभर नाकारलेल्या प्रत्येक बातमीवर कारण लिहून ठेवायला सांगितले. कारणांत जागा नाही, उशिरा आली, ही नेहमीची होतीच. शिवाय त्या गृहस्थांच्या खासगी आवडीनिवडीही होत्या. दारावरचा पहारेकरी ही कल्पना कुर्ट लेविन यांची. तिला चेहरा मिळाला तो या प्रयोगात.

मार्शल मॅक्लुहान यांचे १९६४ चे ‘अंडरस्टँडिंग मीडिया’ फार गाजले आणि फार कमी वाचले गेले. माध्यम स्वतःच काही सांगते, हे त्यांचे म्हणणे समजायला आपल्याकडे अवघड जाऊ नये. ‘तार आली’ एवढे शब्द ऐकताच आत काय लिहिले आहे ते न वाचता घरात बायका रडायला लागत. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले, पण ज्या घरांत तारा येत त्या घरांना तिच्याबद्दल प्रेम होते असे मला वाटत नाही. मॅक्लुहान ज्यांना मानत ते हॅरॉल्ड इनिस मला जास्त टिकाऊ वाटतात. काही माध्यमे काळ ओलांडतात, काही अंतर, आणि साम्राज्ये या दोहोंच्या तोलावर उभी राहतात, ही त्यांची मांडणी. महेश्वरचा घाट आणि महेश्वरचे बातमीपत्र एकाच राजवटीचे, पण एक दगडात आणि एक कागदावर. दोहोंची कामे वेगळी.

 बर्मिंगहॅमच्या स्टुअर्ट हॉल यांचे ऋण मोठे, कारण घेणारा हा रिकामा घडा नसतो, तो आलेल्या निरोपाशी वाद घालतो, कधी निम्मा मानतो, कधी उलटा वाचतो, हे १९७३ पासून त्यांनी ठासून मांडले. आपल्याकडे भरत आणि भट्टनायक या रसशास्त्रकारांच्या साधारणीकरणावरून, म्हणजे रंगमंचावरचा भाव प्रेक्षकाचाही होतो या कल्पनेवरून, भारतीय संज्ञापन सिद्धान्त उभारण्याचे प्रयत्न गेल्या काही दशकांत झाले आहेत. सहृदय प्रेक्षकाशिवाय रस नाही, ही जाण खोल आहे. पण नाट्यगृहातल्या रसिकाचा सिद्धान्त बातमी ऐकणाऱ्या नागरिकाला जसाच्या तसा लावला की सगळे फार गोड होऊन बसते. कोण सहृदय आणि कोणाला आतच घ्यायचे नाही, हा प्रश्न त्यात बुडून जातो. लेखिकेने इथे तोल सांभाळला आहे.

तो प्रश्न बुडू नये म्हणून महूकडे जायला हवे. इंदुराजवळच्या या छावणीत लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. शॅनन यांचा सिद्धान्त तिथे रोजच्या कामाचा. आणि याच महूत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकर जन्मले. त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’ काढले, तेव्हा पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. व्हाइट यांच्या तारसंपादकाच्या तीस वर्षे आधी पहारेकरी म्हणजे काय हे पहाऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला पक्के ठाऊक होते. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ असे एकामागून एक पत्र काढण्याचा खटाटोप त्यांनी केला तो या अनुभवावर. निरोप बिनचूक कसा पोचवायचा आणि निरोप देण्याचा हक्क कुणाला, हे या विषयाचे दोन्ही पाय एका गावात सापडतात.

स्वातंत्र्योत्तर इंदुराबद्दल लिहिताना लेखिकेचा हात सैल सुटला आहे, आणि ते बरेच झाले. ‘नई दुनिया’ ५ जून १९४७ रोजी सुरू झाले. राहुल बारपुते हे मराठी घरातले संपादक, कुमार गंधर्व आणि विष्णू चिंचाळकर यांच्या मैत्रीतले. त्यांच्या हाताखाली आणि शेजारी राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी घडले, आणि पुढे दिल्लीच्या हिंदी पत्रकारितेवर या दोघांनी आपला ठसा उमटवला. आणीबाणी लागली तेव्हा ‘नई दुनिया’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. न बोलणे हेही बोलणेच, असे पॉल वॉट्झलाविक आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ग्रंथात लिहून ठेवले होते; इथे ते कोऱ्या जागेत छापून आले. मराठी माणसाने हिंदी पत्र घडवण्याची ही परंपरा जुनी. माधवराव सप्रे यांचे ‘छत्तीसगढ मित्र’, बाबूराव विष्णू पराडकर यांचे काशीचे ‘आज’. रॉबर्ट पार्क यांनी १९२२ मध्ये अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या वर्तमानपत्रांवर पुस्तक लिहिले. आपल्या भाषेतले पत्र माणसाला नव्या देशात रुजायला मदतच करते, असे त्यांना दिसले. इंदुरात ‘श्री सर्वोत्तम’सारखे मराठी मासिक निघते आणि तेच वाचक सकाळी हिंदी दैनिक उघडतात, हे पार्क यांना ओळखीचे वाटले असते. या शहरात मराठी साहित्य संमेलन १९१७ मध्ये भरले आणि लगेच १९१८ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन. १९३५ मध्ये तर दोन्ही एकाच वर्षी. भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

आकाशवाणीचे केंद्र १९५५ मध्ये मालवा हाउसमध्ये सुरू झाले. नंदाजी आणि भेराजी ही तिथली जोडी शेतकऱ्यांशी माळवीत बोलायची. खताची मात्रा, पेरणीची वेळ, सरकारी योजना हे सगळे त्यात असे, पण ते सूचना म्हणून येत नसे. एक विचारायचा, दुसरा सांगायचा, मध्येच चेष्टा, आणि विचारणाऱ्याच्या शंका म्हणजे ऐकणाऱ्याच्याच शंका. एव्हरेट रॉजर्स यांच्या १९६२ च्या ग्रंथापासून नवी बियाणी, नव्या कल्पना समाजात कशा झिरपतात यावर जगभर संशोधन झाले. त्यावर पावलो फ्रेरे यांचा आक्षेप होता की तज्ज्ञाने शेतकऱ्याकडे ज्ञान ‘पोचवणे’ हा संवाद नव्हेच. नंदाजी-भेराजी या वादात कुठे बसतात? मजकूर वरून आलेला, पण आवाज शेजारचा. लेखिका त्यांना फ्रेरे यांच्या बाजूला बसवते. मी इतका उदार होणार नाही.

आणि मग झाबुआ. नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘इस्रो’ने या आदिवासी जिल्ह्यातल्या दीडशे गावांत उपग्रहावरून थेट कार्यक्रम घेणारे संच बसवले. १९७५-७६ च्या ‘साइट’ या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या २,४०० गावांनी दूरचित्रवाणी पाहिली होती. त्यात गावकऱ्याने नुसते बघायचे होते. झाबुआत तालुक्याच्या ठिकाणी उलट बोलायची सोय दिली गेली. चित्र एकाच बाजूने येई, आवाज मात्र दोन्ही बाजूंनी जाई. हातपंप दुरुस्त करणारा, अंगणवाडीची कार्यकर्ती, नवीन निवडून आलेली पंच, यांनी तिथे बसून पडद्यावरच्या तज्ज्ञाला प्रश्न विचारायचे. तज्ज्ञ त्यांना दिसे, तज्ज्ञाला ती दिसत नसत. सत्ता तंत्रात कशी बसवलेली असते हे दाखवायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. तरीही प्रश्न विचारले गेले, आणि दुसऱ्या टोकाला कुणाला तरी उत्तर द्यावे लागले.

हे सगळे आजच का वाचायचे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजारात आलेल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप मोबाइलवरून फिरत होते. मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी, गावोगाव फिरून भिक्षा मागणारे. एके काळी असे फिरस्तेच एका गावची खबर दुसऱ्या गावाला नेत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. निरोप कुणी लिहिला हे कुणालाच ठाऊक नव्हते, पण तो आणून देणारा प्रत्येक जण ओळखीचा होता: मेहुणा, शाळासोबती, गावचाच कुणी. भेलशाच्या चिठ्ठीत हेच उलटे होते. तिथे वाहक अनोळखी, पण लिहिणाऱ्याची गरज उघड. लाझार्सफेल्ड यांचा ओळखीचा माणूस आता निरोप तपासत नाही, अंगठ्याने पुढे सरकवतो, आणि त्याच्या पाठीमागे कोणता निरोप कुणाला आधी दाखवायचा हे ठरवणारा जो हिशेब आहे त्याला गाठून ‘का रे बाबा?’ विचारायची सोय नाही. व्हाइट यांच्या तारसंपादकाने निदान कारण लिहून दिले होते.

पुस्तक यावर तोडगा देत नाही, आणि तसा आवही आणत नाही. नव्या विद्यार्थ्याच्या हाती ते काही प्रश्न देते आणि ते प्रश्न बातमीपत्रापासून मोबाइलपर्यंत लावून बघायला लावते. भाषा सरळ आहे. पारिभाषिक शब्द जिथे अडले तिथे लेखिकेने चक्क रोजचा शब्द घातला, आणि विद्यापीठातल्या काहींना ते रुचणार नाही. सिनेमा आणि जाहिरात यांना तिने फार थोडी जागा दिली आहे, ही माझी तक्रार आहे. दुसरी अशी की जुन्या संपादकांवर तिची माया जरा जास्त आहे. त्या काळच्या खोल्यांत कोण बसत असे आणि कोणाला खुर्ची मिळत नसे, हे तिने आंबेडकरांच्या संदर्भात विचारले तसे इंदुराच्या संदर्भातही विचारायला हवे होते.

तिसरी तक्रार मी तिला समक्ष केली. मधल्या माणसावरच्या या पुस्तकात पहाटे सायकलवर गठ्ठा लादून गल्लोगल्ली पेपर टाकणारा कुठेच नाही. तो संप करतो त्या दिवशी संपादक, छापखाना, अग्रलेख सगळे जागच्या जागी राहते. दुसऱ्या आवृत्तीत त्याच्यावर एक प्रकरण हवे, असे मी म्हटले. तिने अजून होकार दिलेला नाही.